अहवाल लावून ठेवले आहेत

सॉफ्टवेअर कंपनीत रात्री माणसं नसतात, पण काम चालू असतं. सगळे घरी गेले की बिल्ड मशीन्स जागी होतात, दिवसभरात लिहिलेला कोड उचलतात, त्याच्यावर हजारो स्वयंचलित चाचण्या चालवतात आणि पहाटेपर्यंत प्रत्येक मशीन आपापला अहवाल तयार करून ठेवतं. सकाळी माणसं येतात, चहा घेतात आणि या अहवालांचं काय करायचं यावर मीटिंग घेतात. लक्षात घ्या, मीटिंगचा विषय अहवालात काय लिहिलंय हा नसतो. अहवाल कुठे ठेवायचे, कुठल्या फोल्डरात, कुठल्या नावानं, कुठल्या रंगात, हा असतो. ही मीटिंग जगातल्या प्रत्येक सॉफ्टवेअर कंपनीत होते आणि कुठेच संपत नाही. हिंजवडीत ती ट्रॅफिकमुळे उशिरा सुरू होते, एवढाच फरक. या प्रकाराविषयी माझं एक ठाम मत आहे आणि ते धंद्यातल्या मंडळींना आवडणार नाही: अहवाल नीट लावणं हा अहवाल न वाचण्याचा सर्वांत प्रतिष्ठित मार्ग आहे. ज्याला वाचायचं असतं तो फाइल उघडून वाचतो. ज्याला वाचायचं नसतं तो डॅशबोर्ड बांधायला घेतो, आणि त्याला प्रमोशन मिळतं.

यावर पहिला आक्षेप ठरलेला आहे. ‘अहो, एक मशीन असतं तर वाचलं असतं. इथे ढिगानं मशीन्स आहेत.’ आक्षेप मला मान्य आहे, निदान अर्धा. गिऱ्हाइकांपैकी कुणाकडे विंडोज, कुणाकडे लिनक्स, कुणाकडे मॅक. तीन ऑपरेटिंग सिस्टिम, चार ब्राउझर आणि दोन डेटाबेस म्हटले की चोवीस जोड्या झाल्याच, आणि प्रत्येक जोडीचा रोजचा अहवाल. मुळात हे कुणी योजलेलं नव्हतं. केंट बेक आणि एरिक गामा या दोघांनी १९९७ मध्ये झुरिकहून अटलांटाला जाताना विमानात बसून ‘जेयुनिट’ लिहायला घेतलं, तेव्हा सगळा मामला एका माणसाचा आणि एका पडद्याचा होता. चाचण्या पास झाल्या की पडद्यावरची पट्टी हिरवी, एक जरी नापास झाली तरी लाल. अहवाल वगैरे काही नाही. पट्टी बघायची आणि कामाला लागायचं. पुढे ‘अँट’ नावाच्या साधनानं हे निकाल एक्सएमएल फाइलीत उतरवायला सुरुवात केली. बाकीच्यांनी ती फाइल बघून बघून उचलली, आणि नेमकं काय लिहायचं याचा नियम कुणी अधिकृतपणे ठरवलाच नाही. त्यामुळे आज सगळी साधनं ‘जेयुनिट एक्सएमएल’ बोलतात, पण प्रत्येकाची बोली वेगळी. अपेक्षित उत्तर आलं नाही तर ‘फेल्युअर’, उत्तरापर्यंत पोहोचण्याआधीच सगळं कोसळलं तर ‘एरर’, आणि चाचणी चालवलीच नाही तर ‘स्किप्ड’. एका साधनाच्या हिशेबात हे तीन वेगळे प्रकार असतात, दुसऱ्याच्या हिशेबात पहिले दोन एकत्र असतात, आणि मॅनेजरच्या हिशेबात तिसरा प्रकार पासमध्ये धरलेला असतो.

बरं, मशीन्स तरी एका वळणाची असावीत! पुण्यात रात्री दोनला सुरू झालेली चाचणी भारतीय वेळ पाळणाऱ्या मशीनवर आजच्या तारखेत पडते. शेजारचं मशीन यूटीसी पाळत असेल, तर त्याच्या घड्याळात आदल्या दिवशीचे रात्रीचे साडेआठ झालेले असतात आणि तोच कोड, तीच चाचणी कालच्या फोल्डरात जाऊन बसते. त्यात एखादं मशीन अमेरिकेतल्या ऑफिसनं लावून दिलेलं असलं की महिना आधी आणि तारीख नंतर. मग बारा तारखेपर्यंतचे अहवाल वर्षभरात विखुरतात आणि तेराव्या तारखेला थेट तेरावा महिना उगवतो. आपल्याकडे अधिक मास निदान तीन वर्षांनी एकदा येतो. जर्मन पद्धतीनं लावलेलं मशीन दीड सेकंद लिहिताना दशांशचिन्हाच्या जागी स्वल्पविराम देतं. वाचणाऱ्या साधनाला वाटतं, स्वल्पविराम हजारांचाच असणार, म्हणून ते तो पुसून टाकतं, आणि दीड सेकंदाची चाचणी पंधरा सेकंदांची होते. त्यानंतर ‘परफॉर्मन्स एवढा का घसरला?’ या विषयावर कॉल लागतो, त्यात दहा माणसं येतात आणि सगळे सर्व्हरवर संशय घेतात. स्वल्पविरामावर कुणीच घेत नाही. लिनक्सला मोठ्या अक्षराचं आणि लहान अक्षराचं ‘रिपोर्ट’ या दोन स्वतंत्र फाइली वाटतात, विंडोजला एकच, त्यामुळे तिकडून दोन निघालेल्या फाइली इकडे एक होऊन पोहोचतात. चाचणीला अख्ख्या वाक्याएवढं नाव द्यायची हल्ली पद्धत आहे आणि फाइलीच्या पत्त्यावर विंडोजची २६० अक्षरांची जुनी मर्यादा आहे, तेव्हा सर्वांत काळजीपूर्वक नाव दिलेल्या चाचणीचाच अहवाल लिहिला जात नाही. आणि या सगळ्याचा कळस म्हणजे प्रत्येक मशीन आपल्या फाइलीला ‘रिपोर्ट डॉट एक्सएमएल’ हेच नाव देतं. लग्नात पाकिटावर नाव न घालता आलेल्या आहेरासारखा हा प्रकार. फरक इतकाच की इथे शेवटचं पाकीट आधीची सगळी पाकिटं गिळून टाकतं. गिटहबनं २०२३ च्या डिसेंबरात आपल्या अपलोडच्या साधनाची चौथी आवृत्ती काढली आणि एकाच नावानं दुसऱ्यांदा काही चढवायला गेलं की सरळ नकार द्यायला सुरुवात केली. हा नकार फार उपयोगाचा होता. लोकांनी अर्थातच बिल्ड फुटली म्हणून आरडाओरडा केला.

म्हणजे अहवाल लावण्यात खरोखरीचं काम आहे, हे मी नाकारत नाही. फाइलीच्या नावात मशीनचं नाव, यूटीसीतली वेळ आणि कोडचा कमिट क्रमांक घातला की वरच्या बऱ्याच भानगडी मिटतात. एका दुपारचं काम आहे. माझा मुद्दा या दुपारनंतर सुरू होतो, कारण पुढचं वर्षभर जे चालतं त्याचा फाइलीशी संबंध नसतो.

तेव्हा येतो डॅशबोर्ड. या बाबतीत बिल्ड आणि चाचण्या आपोआप चालवणाऱ्या ‘जेन्किन्स’ या साधनाचा इतिहास बोधप्रद आहे. कोहसुके कावागुची यांनी सन मायक्रोसिस्टम्समध्ये असताना ‘हडसन’ लिहिलं. ओरॅकलनं सन विकत घेतल्यावर नावावरून वाद झाला आणि २०११ मध्ये ते ‘जेन्किन्स’ झालं. रात्रभर जागून सकाळी अदबीनं निकाल पुढे करणारा हा बटलर यशाच्या खुणेसाठी हिरव्याऐवजी निळा गोळा दाखवायचा, कारण कावागुची जपानचे आणि तिथे सिग्नलच्या ‘जा’ म्हणणाऱ्या दिव्याला निळाच म्हणतात. यावर जगभरच्या प्रोग्रॅमर मंडळींनी काय करावं? निळे गोळे हिरवे करणारं खास प्लगइन काढलं. पुढे मूळ जेन्किन्समध्येच हिरवा आला. लाल गोळा लाल का आहे हे शोधण्यापेक्षा निळा गोळा हिरवा करणं सोपं असतं आणि त्यात समाधानही जास्त मिळतं. (रंगाच्या छटेवर माझं मत कुणीही, कधीही विचारावं. अहवालात काय आहे ते मात्र विचारू नये.) शिवाय जेन्किन्स प्रत्येक कामापुढे हवामानाचं चित्र काढतो. अलीकडच्या बिल्ड चांगल्या गेल्या असतील तर ऊन, बऱ्या गेल्या असतील तर ढग, फुटत असतील तर गडगडाट. वेधशाळेनं पाऊस सांगितला की आपण छत्री घेत नाही, कारण तो अंदाज असतो. इथे पाऊस पडून गेलेला असतो, कार्पेट भिजलेलं असतं, तरीही लोक त्या चित्राकडे अंदाज म्हणूनच बघतात. मग हा डॅशबोर्ड पॅसेजमधल्या मोठ्या टीव्हीवर लावायचं ठरतं, म्हणजे येता-जाता सगळ्यांना दिसेल. तो टीव्ही लोक खरोखर बघतात, पण भारताची मॅच असते त्या दिवशी.

रोजच्या स्टँडअपमधला संवाद साधारण असा असतो.

‘काल रात्रीचा रन कसा झाला?’

‘ग्रीन आहे, सर.’

‘सगळा?’

‘हो. म्हणजे विंडोजचा सोडून.’

‘विंडोजला काय झालं?’

‘काही नाही सर, तो नेहमीच लाल असतो.’

‘अच्छा. मग ठीक आहे.’

या संवादात खोटं कुणीच बोललेलं नाही, हे त्याचं सौंदर्य. लाल रंगाला आठवडाभर तसंच राहू दिलं की त्याचा अर्थ ‘धोका’ न राहता ‘विंडोज’ असा होतो. आता इथे दुसरा आक्षेप येतो आणि तो वजनदार आहे: लाल दिसणाऱ्या निम्म्याअधिक गोष्टी खऱ्या नसतातच. हेही खरं. गुगलच्या जॉन मिको यांनी २०१६ मध्ये आपल्या कंपनीचे आकडे मांडले होते. एकूण चाचणी-फेऱ्यांपैकी सुमारे दीड टक्का निकाल बेभरवशाचे, म्हणजे तोच कोड असताना कधी पास, कधी नापास. सुमारे १६ टक्के चाचण्यांच्या अंगी ही सवय थोडीफार मुरलेली. आणि पासवरून नापासवर गेलेल्या निकालांपैकी ८४ टक्क्यांमागे असलीच एखादी लहरी चाचणी. मग माणसांनी दर लाल दिव्याला धावत का जावं? तर्क बिनतोड आहे. या तर्कातूनच आमच्या धंद्याचा खरा कुलाचार जन्माला आला, त्याचं नाव ‘रिरन’.

‘रिरन मारलास का?’

‘मारला.’

‘मग?’

‘पहिल्यांदा फेल, दुसऱ्यांदा फेल, तिसऱ्यांदा पास.’

‘मग झालं की!’

तीन वेळा विचारून एकदा होकार आला तर तो होकार धरायचा, हा न्याय लग्न जुळवताना कुणी लावला तर लोक हसतील. बिल्डच्या बाबतीत ते साधनाच्या सेटिंगमध्येच असतं. मेव्हन या बिल्ड साधनाच्या ‘शुअरफायर’ प्लगइनला नापास चाचणी किती वेळा पुन्हा चालवायची तो आकडा देता येतो, आणि नंतर एकदा पास झाली की बिल्ड यशस्वी. न्यायानं सांगायचं तर ते बिचारं साधन अशा चाचण्यांची ‘फ्लेक’ म्हणून वेगळी नोंद ठेवतं. ती नोंद अहवालात असते, आणि अहवालाचं काय होतं ते आपण पाहतोच आहोत. गुगलच्या आकड्यांतून निघणारा धडा खरं तर उलटा आहे. इतके लाल दिवे खोटे असतील, तर उरलेल्या खऱ्या दिव्यासाठी प्रत्येक अहवाल जास्त बारकाईनं वाचायला हवा. आपण त्यातून सगळेच लाल दिवे सोडून द्यायची मुभा काढली.

लालाची ही कथा, तर हिरव्याची त्याहून सुरस. समजा कुणीतरी चाचण्यांच्या फोल्डरचं नाव बदललं आणि बिल्ड मशीनला ते कळवलं नाही. रात्री मशीन जुन्या जागी जातं, तिथे एकही चाचणी सापडत नाही, आणि ते शून्य चालवलेल्या, शून्य नापास, असा निकाल देऊ शकतं. बिल्ड नेहमीपेक्षा लवकर संपल्यामुळे मेलवर अभिनंदनही होतं. जेन्किन्सला ही माणसांची जात ठाऊक आहे. अहवाल सापडला नाही तर तो मुळात बिल्ड नापास करतो. जुनेच अहवाल पडलेले दिसले तर यांतला एकही नवा नाही, चाचण्या चालवल्या तरी होत्या का, असं विचारतो. मशीनचं घड्याळ चुकलेलं असलं तर तेही तोंडावर सांगतो. इतका स्पष्टवक्ता नोकर घरात कुणाला चालतो? तेव्हा रिकामा अहवालही चालेल अशी परवानगी देणारं एक सेटिंग आहे, ते एखाद्या शुक्रवारी संध्याकाळी चालू केलं जातं आणि पुढच्या कित्येक शुक्रवारी कुणाला आठवत नाही.

‘पण यानं नेमकं बिघडतं काय? चार बग गिऱ्हाइकाला सापडतील, दुरुस्त करू.’ या आक्षेपाला उत्तर न्यूयॉर्कच्या शेअर बाजारानं देऊन ठेवलं आहे. नाइट कॅपिटल या दलाल कंपनीनं २०१२ मध्ये आपल्या आठ सर्व्हरवर नवा कोड चढवला, म्हणजे सातवर चढवला आणि आठवा राहिला. एक ऑगस्टच्या सकाळी बाजार उघडण्याआधीच यंत्रणेनं ९७ ई-मेल पाठवले. प्रत्येकात काहीतरी गडबड आहे असं लिहिलेलं होतं. अमेरिकेच्या बाजार नियामकानं पुढे जो आदेश काढला त्यात नोंद आहे की हे मेल इशारे म्हणून योजलेलेच नव्हते आणि कर्मचारी ते साधारणतः बघत नसत. बाजार उघडला, आठव्या सर्व्हरवरचा जुना कोड जागा झाला आणि पाऊण तासात कंपनीचे ४६ कोटींहून अधिक डॉलर गेले. ही चाचण्यांची गोष्ट नाही, हे कबूल. पण आठ मशीन्स, त्यांतलं एक वेगळं, आणि यंत्रानं वेळेवर पाठवलेले, व्यवस्थित पोहोचलेले, न वाचलेले अहवाल, ही गोष्ट ओळखीची वाटत नसेल तर स्वतःच्या इनबॉक्समधला तो नियम तपासावा. ‘बिल्ड’ शब्द असलेलं सगळं आपोआप एका फोल्डरात टाकणारा नियम प्रत्येकाकडे असतो. त्या फोल्डरावरचा न वाचलेल्यांचा आकडा चार अंकी झाला की माणूस तो बघायचं सोडतो, पाच अंकी झाला की त्याचा अभिमान बाळगतो.

मग अहवाल वाचले जातात तरी कुठे? जातात, आणि तिथली पद्धत बघण्यासारखी आहे. पर्ल भाषेच्या ‘सीपॅन’ या भांडारात कुणी काही नवं टाकलं की जगभरचे स्वयंसेवक ते आपापल्या मशीनवर चालवून बघतात आणि निकाल कळवतात. १९९८ पासून हा उद्योग चालू आहे, अहवाल कोट्यवधी झाले आहेत, आणि मशीन्स इतक्या तऱ्हेची की आपल्या विंडोज-लिनक्सची भांडणं पोरखेळ वाटावीत. तिथे शेरे चारच: पास, फेल, इथे लागू नाही, आणि सांगता येत नाही. हा चौथा शेरा आपल्या ऑफिसांत नाही, कारण ‘सांगता येत नाही’ असं म्हणणाऱ्याला अप्रेझलमध्ये काय मिळतं ते सर्वांना माहीत आहे. मुख्य म्हणजे तिथे प्रत्येक पॅकेजवर लेखकाचं नाव असतं, आणि फेलचा शेरा त्या नावाखाली चारचौघांत लागतो. मोझिलाची तऱ्हा वेगळी. तिथे ‘टिंडरबॉक्स’ या जुन्या साधनाच्या काळापासून निकाल रंगांत बघतात, आणि नापास चाचणी नारिंगी. नारिंगी इतकी वाढली की अधूनमधून उगवणाऱ्या नारिंगीची वेगळी मोजणी ठेवावी लागली. पण त्यांनी रंगांवर विसंबून न राहता माणसं नेमली, त्यांना शेरीफ म्हणतात. शेरीफचं काम ते रंग बघायचं, आणि गडबड दिसली की संबंधित बदल सरळ मागे घ्यायचा, लागलं तर सगळ्यांचं कोड टाकणंच थांबवायचं. मुंबईलाही शेरीफ असतो, म्हणजे नगरपाल. पण ते पद मानाचं, पाहुण्यांच्या स्वागताचं. आपल्याकडचे ‘क्वालिटी चॅम्पियन’ या मुंबईच्या परंपरेतले. मान भरपूर, बिल्ड थांबवायचा अधिकार नाही.

ताजा आक्षेप असा की हे सगळं आता जुनं झालं, अहवाल एआय वाचेल. वाचेल की. मशीननं लिहिलेला अहवाल मशीन वाचेल, त्याचा पाच ओळींचा सारांश काढेल आणि तो रोज सकाळी साडेनवाला मेलनं पाठवेल. त्या मेलमध्येही ‘बिल्ड’ हा शब्द असेल, त्यामुळे तो कुठल्या फोल्डरात जाईल हे सांगायला एआय लागत नाही. महिन्याभरानं या सारांशांची नीट मांडणी कशी करायची यावर मीटिंग लागेल आणि तिला जास्त वरची माणसं येतील. एआय लाल दिव्यांतले खरे-खोटे वेगळे करील, हे मला मान्य आहे. त्यातला खरा निघाल्यावर रिलीज पुढे ढकला असं सेल्सवाल्यांना तोंडावर सांगायला मात्र पगारी माणूसच लागेल, आणि अडचण नेमकी तिथेच आहे.

म्हणून नवा डॅशबोर्ड घेण्याआधी एक काम करून बघा. अहवाल कुणी उघडला, कधी उघडला, याची नोंद वेब सर्व्हर आपणहून ठेवतो. ती काढा, आणि जो अहवाल गेल्या महिन्यात एकाही माणसानं उघडलेला नाही तो सरळ बंद करा. मशीनही वाचेल, वीजही वाचेल. कुणी तक्रार घेऊन आलं तर रागावू नका. त्याला बसवा, चहा द्या आणि त्याच दिवशी शेरीफ करा, अधिकारासकट.